वर्कशॉप भोसरीत, फराळ घरी: डिजिटलवर पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत पाच सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचं जॉबवर्कचं, म्हणजे ग्राहकाच्या मालावर मजुरीने काम करून द्यायचं, वर्कशॉप. घरी पत्नीचा फराळाचा व्यवसाय. मोठा ग्राहक मागे लागलाय, "डिजिटल व्हा." डिप्लोमाला असलेला मुलगा म्हणतो एआय आणा. सत्तरी ओलांडलेले वडील म्हणतात ही सगळी फॅडं आहेत, आमच्या वेळी डायरीवर कारखाने चालले. तर नेमकं काय घ्यायचं, आणि मुलाने पुढे शिकायचं काय?

मी भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांना बिलिंग, ईआरपी (माल, काम आणि हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि मशीन-मॉनिटरिंग बसवून देतो. म्हणजे विकणाऱ्याच्या बाजूचा माणूस बोलतोय, हे धरूनच पुढचं वाचा.

वडिलांचं निम्मं खरं आहे. डायरीवर कारखाने चालले, कारण ती डायरी मालकाशिवाय कोणी वाचत नव्हतं. आज तुम्ही नोंद केली नाहीत तरी ती होतेच: बँकेत, जीएसटीच्या पोर्टलवर, ग्राहकाच्या सिस्टीममध्ये. आणि बऱ्याचदा तुमच्याआधी ती दुसराच कोणीतरी वाचून मोकळा होतो. गेल्या दहा वर्षांत धंदा बदलला तो इथे. म्हणून कुठलीही नवी वस्तू दारात आली की मी एकच विचारतो, हिच्यामुळे माझ्या धंद्याची नोंद मला इतरांच्या आधी दिसणार आहे का? दिसणार असेल तर भावाचं बोलू. नसेल तर चहा पाजून पाठवून द्या.

सुरुवात कंटाळवाण्या गोष्टीपासून करतो, कारण पैसा तिथे अडकलेला आहे. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की तुमचं बिल तुम्ही जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या बिलांच्या रिटर्नमध्ये) दाखवलं आणि ते ग्राहकाच्या २बी मध्ये (त्याच्या खरेदीच्या, पोर्टलने बनवलेल्या यादीत) उमटलं, तरच त्याला त्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, मिळतं. तुमची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख, त्याचं २बी तयार होतं १४ तारखेला. (तिमाही रिटर्नवाले असाल तर १३ पर्यंत आयएफएफमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या मधल्या सोयीत, बिलं चढवता येतात. बरेच जण ती चढवतच नाहीत आणि मग तीन महिने ग्राहकाच्या शिव्या खातात.) तुमच्याकडून उशीर झाला किंवा बिल नंबरात एक शून्य इकडचं तिकडे झालं, की ग्राहकाच्या अकाउंट्सवाल्याच्या स्क्रीनवर तुमचं नाव लाल होतं आणि तो जीएसटीची रक्कम रोखून धरतो. तुम्हाला हे कळतं महिन्याभराने, पेमेंट कमी आलं की. तोवर तुम्ही "पेमेंट का कापलं?" म्हणून परचेसवाल्याला फोन करत बसता, आणि त्या बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

उलाढाल २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी ५ कोटींच्या वर गेली असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून तुम्हाला ई-इनव्हॉइस (बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवणं) लागू आहे. नसाल त्यात, तरी बिलिंग सॉफ्टवेअर असं घ्या की उद्या ते चालू करता येईल. जॉबवर्कमध्ये दुसरी भानगड चलनाची, म्हणजे मालासोबत येणाऱ्या-जाणाऱ्या कागदाची. ग्राहकाचा कच्चा माल तुमच्याकडे आला की तो वर्षाच्या आत काम होऊन परत गेला पाहिजे. नाही गेला तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात, आणि कर ग्राहकाच्या डोक्यावर बसतो. तो "डिजिटल व्हा" म्हणतोय त्यातलं निम्मं याच्यासाठी आहे. त्याला तुमचा रोबो बघायचा नाहीये. कुठल्या चलनाचे किती नग गेले, किती रिजेक्ट झाले, किती अजून तुमच्या रॅकवर आहेत आणि स्क्रॅप किती, एवढं त्याला फोन न करता कळायला हवंय.

त्यामुळे पहिला खर्च इथे करा. चलन आत येताना एकदा नोंदवलं की तेच पुढे इन्स्पेक्शनला, डिस्पॅचला आणि बिलाला यावं, परत टाइप करायला लागू नये. आत्ता तुमच्याकडे हे बहुतेक तीन जण तीन ठिकाणी लिहीत असतील: गेटवर रजिस्टर, सुपरवायझरची वही आणि ऑफिसातली टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर). या तिन्हींचा आकडा महिनाअखेर जुळला असं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय. यासाठी मोठा ईआरपी लागत नाही. पाच मशीनच्या शॉपला दहा मॉड्यूल विकणारा माणूस आला तर त्याला म्हणा, आधी माझी गेल्या महिन्याची सगळी चलनं तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून शिल्लक जुळवून दाखव. निम्मे तिथेच गळतात.

नोंद नीट झाली की तिचा एक फायदा लगेच मिळतो. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु गटात असाल, तर मालक-ग्राहकात काहीही ठरलेलं असो, पेमेंटची कमाल मुदत ४५ दिवस आहे. लेखी करार नसेल तर १५. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकरातही हे आलंय: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. म्हणून उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा. छापलेला नंबर मार्च महिन्यात जेवढं काम करतो तेवढं तुमचे दहा फोन करत नाहीत. शिवाय ट्रेड्स नावाची व्यवस्था आहे. आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज, इनव्हॉइसमार्ट हे तिचे जुने प्लॅटफॉर्म. ग्राहकाने तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला व्याज कापून पैसे आधी मिळतात, आणि पुढे ग्राहकाने बुडवले तरी बँक तुमच्याकडे येत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी करायची मुदत ३१ मार्च २०२५ ही होती. नोंदणी सक्तीची आहे, तुमचं बिल तिथे मान्य करणं सक्तीचं नाही, त्यामुळे परचेसच्या साहेबांना गोड बोलून तयार करावं लागतंच. पण व्याजाचा दर ग्राहकाची पत बघून ठरतो, तुमची नाही. ओव्हरड्राफ्टपेक्षा हा पैसा बहुतेक वेळा स्वस्त पडतो.

आता मशीनकडे या. मुलाला इथेच खरी मजा येईल.

मशीन-मॉनिटरिंग म्हणजे मशीन कधी चाललं आणि कधी थांबलं याची आपोआप नोंद. जुन्या मशीनला स्पिंडल मोटरच्या वायरभोवती करंट सेन्सर अडकवता येतो किंवा टॉवर लॅम्पच्या लाल, पिवळ्या, हिरव्या दिव्यांचा सिग्नल घेता येतो. नव्या फानुक किंवा सीमेन्स कंट्रोलरला (मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) नेटवर्कची केबल जोडून प्रोग्राम नंबर, पार्ट काउंट, अलार्म असं सगळंच वाचता येतं. ऑफिसात टीव्हीवर पाच चौकोन दिसतात, हिरवे किंवा लाल. पाहुण्यांना फार आवडतं.

आमच्या एका ग्राहकाकडचं सांगतो. मालकांना खात्री होती की रात्रपाळीचा ऑपरेटर झोपतो. सिस्टीम लावली. आलेखात दिसलं की दोन टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ) रात्री नियमाने तास-तासभर थांबतात. मालक म्हणाले, बघा, मी म्हणत नव्हतो? मी म्हटलं, एक रात्र थांबून बघू. रात्री साडेनऊच्या सुमाराला ऑपरेटरने इन्सर्ट (कापणारं टोक) बदलला, पहिला पीस काढला, पुसला, इन्स्पेक्शन टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसला. का? बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, तपासायचा प्लग गेज कपाटात, आणि कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या इन्स्पेक्टरच्या खिशात, ते दिघीला घरी. पहिला पीस पास झाल्याशिवाय मशीन चालवायचं नाही, हा नियम मालकांनीच भिंतीवर लावलेला. मग ऑपरेटर शेजारच्या शॉपमधून गेज मागून आणायचा, तो मोकळा असला तर. उपाय निघाला दुसरा गेज आणि दुसरी किल्ली. मशीन कधी थांबलं ते सेन्सरने सांगितलं. का थांबलं त्यासाठी मात्र शॉपफ्लोअरवर उभं राहावं लागलं. तुम्ही सिस्टीम घ्याल तेव्हा हा दुसरा भाग कोण करणार ते आधी ठरवा. नाहीतर टीव्ही नुसता भिंतीवर राहील.

आणखी एक. त्या हिरव्या वेळेवर ऑपरेटरचा इन्सेन्टिव्ह बांधू नका. बांधलात की पीस न लावताच प्रोग्राम फिरायला लागतो, स्पिंडल हवा कापतो आणि चौकोन छान हिरवा दिसतो. माणसं हुशार असतात. बक्षीस द्यायचंच असेल तर पास झालेल्या नगांवर द्या.

पाचही मशीनला एकदम लावू नका. ज्या मशीनमुळे डिस्पॅच अडतो तेवढ्या एकाला लावा, दोन-तीन महिने बघा. या माहितीचा सगळ्यात मोठा उपयोग कोटेशनला होतो, आणि विकणारे तो क्वचितच सांगतात. सायकल टाइम (एका पीसला लागणारा मशीनचा वेळ) अंदाजे धरून तुम्ही रेट देता. सेटिंगचा, पहिल्या पीसचा, टूल बदलण्याचा वेळ त्यात धरलेलाच नसतो. खरे आकडे हातात आले की कळतं, ज्या पार्टवर आपण जगतोय असं वाटत होतं त्यात काही उरत नव्हतं, आणि ज्याला वैतागून सोडणार होतो तो बरा होता.

एआयबद्दल मुलाचा उत्साह समजतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून प्रत्येक माहितीपत्रकावर ही दोन अक्षरं आलीत, अगदी कूलंट पंपाच्यासुद्धा. तुमच्या शॉपमध्ये आजच्या आज उपयोगी पडेल असं काम लिखापढीचं आहे. ग्राहकाची इंग्रजी ईमेल समजून घेणं, रिजेक्शन आलं की मागतात त्या ८डी रिपोर्टचा (दोष का आला आणि उपाय काय केला याच्या अहवालाचा) कच्चा मसुदा, वर्क इन्स्ट्रक्शनचं हिंदीत रूपांतर. तुमचे निम्मे ऑपरेटर बिहार-ओडिशाकडचे असतील, त्यांना इंग्रजी चार्ट लावून काय उपयोग? रूपांतर छान होतं. फक्त आकडे स्वतः तपासा, ०.०२ चं ०.२ झालेलं भाषेवरून लक्षात येत नाही, ते लक्षात येतं पूर्ण लॉट परत आल्यावर.

सीएनसी प्रोग्रामही ही साधनं लिहून देतात. पण तुमच्या चकचे (पीस पकडणाऱ्या भागाचे) जॉ केवढे बाहेर आहेत, टूल ऑफसेट (टूलच्या मापाची नोंद) काय आहे, टेलस्टॉक (पीसला दुसऱ्या टोकाने आधार देणारा भाग) कुठे आहे, हे त्यांना कुठून कळणार? सिम्युलेशन, ड्राय रन (पीस न लावता चालवणं), सिंगल ब्लॉक (एकेक ओळ चालवणं), रॅपिड (टूलच्या मोकळ्या हालचालीचा वेग) कमी करून, असा सगळा सोपस्कार केल्याशिवाय तो प्रोग्राम मशीनवर जाऊ देऊ नका. आणि मुलाला आजच एक ताकीद द्या: ग्राहकाचं ड्रॉइंग कुठल्याही फुकटच्या चॅटबॉटवर चढवायचं नाही. गोपनीयतेच्या करारावर सही तुमची आहे.

कॅमेऱ्याने दोष ओळखणारी यंत्रणा पाच मशीनच्या शॉपला मी सध्या विकणार नाही. तिला शिकवायला खराब पीसचे भरपूर फोटो लागतात, आणि चांगल्या शॉपकडे ते नसतात. वर ॲल्युमिनियमची चमक आणि पार्टवर राहिलेला कूलंटचा थर. निम्मा खर्च कॅमेऱ्यापेक्षा प्रकाशयोजनेवर आणि पार्ट धुण्यावर जातो. एकच पार्ट लाखांनी करत असाल तर वेगळी गोष्ट.

आता घरचा व्यवसाय. फराळाच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात आणि तिथेच हरवतात, हे मी न बघताही सांगू शकतो. "ताई, दोन किलो चकली, पण अर्धी कमी तिखट" हा निरोप भाऊबीजेच्या फोटोंखाली गाडला जातो. साधा गुगल फॉर्म, मागे शीट, आणि आगाऊ रक्कम आल्याशिवाय ऑर्डर पक्की नाही, एवढं पुरे. परदेशी फराळ पाठवत असाल तर कुरियर आकारमानावर पैसे लावतं हे फॉर्ममध्येच लिहा. लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले पाच हजार हे सर्रास चालणारं सूत्र आहे, आणि पोह्यांचा चिवडा त्यात बेसनाच्या लाडवापेक्षा महाग पडतो.

पण पत्नीसाठी महत्त्वाचं आहे ते खातं. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींवर व्यवहार त्यावर झाले. मंडईतल्या कोथिंबिरीच्या जुडीपासून सगळं त्यात आलं. आणि प्रत्येक जुडीची नोंद झाली. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात याच नोंदींवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला चार वर्षांच्या १ कोटी ६३ लाखांच्या व्यवहारांवर २९ लाखांची. ताज्या भाजीवर मुळात जीएसटी नाही. पण खात्यावरच्या जमेवर "भाजी" असं लिहिलेलं नसतं. बंगळुरूत मग दुकानांवर "फक्त रोख" च्या पाट्या लागल्या. ते मला अजिबात पटत नाही, गिऱ्हाईक जातं. सोपा उपाय असा की व्यवसायाचं खातं घरखर्चापासून वेगळं ठेवायचं, बहिणीने परत केलेले उसने पैसे त्या क्यूआरवर घ्यायचे नाहीत, आणि प्रत्येक ऑर्डरचं साधं बिल जपायचं. राज्यातल्या राज्यात मालाच्या विक्रीत जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे, त्याच्या जवळ जायला लागलात की सीएला आधी भेटा, नोटीस आल्यावर नको.

वेगळ्या खात्याला दुसरंही कारण आहे. कोणीतरी कुठेतरी फसवून मिळवलेले पैसे तुमच्या क्यूआरवर चकली घ्यायला वापरतो, पोलीस पैशाचा माग काढत येतात आणि बँक ती रक्कम, कधी कधी अख्खं खातंच, गोठवते. बिल दाखवलं की बहुतेक वेळा सुटतं, पण वेळ जातो. त्या खात्यात घराचा हप्ता अडकलेला नसावा. आणि कोणी "पैसे पाठवले" म्हणून मोबाइल पुढे केला तर स्क्रीनशॉट बघूच नका. आपल्या साउंडबॉक्सचा आवाज किंवा बँकेचा मेसेज, एवढंच खरं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ हवं.

वडिलांसाठी घरबसल्या सोयी वाढल्यात: डिजिटल सहीचा सातबारा, घरीच अंगठा देऊन नोंदवता येणारा भाडेकरार, चेहरा दाखवून हयातीचा दाखला. या सगळ्यांमुळे त्यांच्या फेऱ्या वाचल्या. पण भामट्यांनाही त्यांचा नंबर तेवढ्याच सहज सापडतो. "रात्री साडेनऊला वीज तोडणार", आरटीओचं दंडाचं चलन म्हणून आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी), व्हिडिओ कॉलवरचा खाकी वर्दीतला "साहेब". डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाही, असं त्यांच्या फोनमागे चिठ्ठी चिकटवून लिहा. मोबाइलच्या यूपीआयला जोडलेलं खातं छोटं ठेवा, मुदत ठेवी वेगळ्या बँकेत, जिथे मोबाइल बँकिंग सुरूच केलेलं नाही. काही झालंच तर लाजू नका, ताबडतोब १९३० लावा. पहिल्या तासाभरात पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी फारशी नाही.

बँकासुद्धा यातून सुटलेल्या नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत ९४ कोटी गेले. भामट्यांनी मालवेअरच्या जोरावर मधेच एक खोटी यंत्रणा उभी केली, आणि २८ देशांतल्या एटीएमना "पैसे द्या" असा होकार तीच देत राहिली. तुमच्यावर कोणी एवढी मेहनत घेणार नाही. तुमचा धोका म्हणजे ऑफिसातल्या एकुलत्या कॉम्प्युटरवरची टॅली एक दिवस कुलूपबंद होणं आणि खंडणीचा निरोप येणं. बॅकअपची हार्ड डिस्क कायम कॉम्प्युटरला जोडून ठेवलेली असेल तर तीही सोबत जाते. रोज संध्याकाळी बॅकअप घ्या, डिस्क काढा आणि घरी न्या. सीएनसीचे प्रोग्राम आणि पॅरामीटरसुद्धा त्यात घ्या. सीएनसीच्या कंट्रोलरची बॅटरी गेल्यावर ते परत मिळवताना काय होतं हे तुमच्या सर्व्हिस इंजिनिअरला विचारा.

राहिला मुलगा. नुसता एआयचा कोर्स लावू नका. महागडे आहेत, आणि बहुतेकांत ज्या साधनांवर शिकवतात ती वर्षभरात बदलतात. त्याला एक्सेल खोलात, मग एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि पीएलसी (मशीनचं नियंत्रण करणारा छोटा कॉम्प्युटर) एवढं येऊ दे, त्यात दीड-दोन वर्षं जातील. ड्रॉइंगवरचं टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) वाचता येणारा आणि डेटाबेसला प्रश्न विचारता येणारा, असा एकच माणूस चाकणच्या कंपन्यांना शोधून सापडत नाही. हिंजवडीत दुसरं येणारे ढिगाने आहेत, भोसरीत पहिलं येणारे. या सुट्टीत त्याला तुमच्या चलनांचं काम द्या. गेल्या तीन महिन्यांची तिन्ही रजिस्टरं घेऊन शिल्लक जुळवायला बसवा, आणि कुठे जुळत नाही त्याची यादी त्याच्याकडूनच घ्या. सॉफ्टवेअरवाल्याला बोलवाल तेव्हा ती यादी समोर ठेवा.